पाळी जायची वर्षं आणि शिफ्टची नोकरी

चहाची सुट्टी दहा मिनिटांची. कारखान्यातल्या लाइनपासून लेडीज टॉयलेट तीन मिनिटांवर, म्हणजे जाऊन-येऊन सहा मिनिटं गेली. तिथे दोनच संडास आणि पुढे चौघी उभ्या. पॅड बदलायला, हात धुवायला आणि कपड्याला डाग लागला असेल तर तो काढायला पाच मिनिटं तरी हवीतच. हिशोब कसाही मांडला तरी तो दहा मिनिटांत बसत नाही. मग बाई एक तर चहा सोडते, नाहीतर पाणी पिणंच बंद करते, नाहीतर दोन पॅड एकावर एक लावून सकाळी सातला आत येते आणि साडेतीनला तशीच बसमध्ये बसते.

चाकण, रांजणगाव, सातपूर, वाळूज, बुटीबोरी, एमआयडीसी कुठलीही घ्या, हे गणित फारसं बदलत नाही. पंचेचाळिशीतल्या महिला कामगारांसाठी काय करता येईल असा विषय निघाला की एचआरचं पहिलं उत्तर ठरलेलं असतं: डॉक्टरांचं व्याख्यान ठेवू. तेही ८ मार्चला, गुलाबाच्या फुलासकट. व्याख्यानाला विरोध नाही. पण व्याख्यान संपल्यावर बाई परत त्याच लाइनवर जाते आणि टॉयलेट तीन मिनिटांवरच असतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की ज्या सोयीसाठी बाईला आधी कुणाकडे तरी जाऊन ‘माझी पाळी जायला आली आहे’ असं सांगावं लागतं, ती सोय कागदावरच राहते. सोय न सांगता, न मागता वापरता आली पाहिजे. ‘मेनोपॉज’ म्हणजे पाळी जाणं; ‘मेनोपॉज रजा’ नावाची वेगळी रजा, दारावर पाटी लावलेली वेगळी खोली, छातीवर बिल्ला लावून फिरणाऱ्या ‘मेनोपॉज दूत’, हे सगळं परदेशी धोरणांत छान दिसतं. आपल्याकडे मस्टरवर ते नाव चढलं की दुपारपर्यंत कॅन्टीनला कळतं, म्हणून कुणी ते वापरत नाही.

आधी वय नीट धरा. सलग १२ महिने पाळी आली नाही की रजोनिवृत्ती झाली असं म्हणतात. युरोप-अमेरिकेत हे सरासरी ५१व्या वर्षी होतं, भारतात ४६-४७च्या आसपास. त्रास मात्र त्याच्या चार-पाच वर्षं आधीच सुरू झालेला असतो. म्हणजे परदेशी धोरण उतरवून काढून ‘५० वर्षांवरील महिला कर्मचाऱ्यांसाठी’ असं लिहिलं, तर ज्यांना सगळ्यात जास्त गरज आहे त्या यादीबाहेर राहतात. आपल्याकडे चाळिशी लागली की बाईला या गटात धरायला हवं. वयाची अट न घालणं तर सगळ्यात सोपं, कारण काहींची पाळी चाळिशीच्या आधीच जाते, आणि ऑपरेशनमध्ये अंडाशय काढलेल्या बाईला तर हा सगळा त्रास काही दिवसांतच सुरू होतो.

अंगातून वाफा येतात म्हणजे काय होतं तेही सुपरवायझरला माहीत असावं. शरीराचं तापमान सांभाळणारा मेंदूतला भाग इस्ट्रोजेन कमी-जास्त होऊ लागलं की नको इतका हळवा होतो. अंग किंचित तापलं तरी त्याला ते फार वाटतं आणि तो उष्णता बाहेर टाकायला लागतो. छातीतून मानेकडे, चेहऱ्याकडे लाट चढते, घाम फुटतो, धडधडतं. हे एक ते पाच मिनिटं चालतं आणि मग उलट थंडी वाजते. एसीत बसलेली बाई आत्ता वारा घालत होती आणि आता शाल का घेतेय याचं उत्तर हेच, नखरा नव्हे. अमेरिकेतल्या ‘स्वान’ या दीर्घ अभ्यासात वाफा आणि रात्रीच्या घामाचा मध्यक काळ ७.४ वर्षं निघाला, म्हणजे निम्म्या जणींना त्याहूनही जास्त. तेव्हा ‘एक-दोन महिने सांभाळून घ्या’ हा सल्ला कुणी देऊ नये.

पण आपल्या शॉप फ्लोअरवर वाफांपेक्षा जास्त नडतो तो रक्तस्राव. पाळी जायच्या आधीच्या वर्षांत ती कधी वीस दिवसांनी येते, कधी तीन महिन्यांनी, आणि आली की धो धो येते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्त कमी आढळलं होतं. अशा अंगावर दर महिन्याला जास्तीचं रक्त गेलं की जिना चढताना धाप लागते, उभ्याने काम होत नाही, दुपारी डोळ्यांपुढे अंधारी येते. सुपरवायझर लिहितो: ‘कामात लक्ष नाही.’

टॉयलेट, पाणी आणि कपडा

कारखान्यांच्या नियमांत साधारण २५ महिलांमागे एक संडास असं प्रमाण असतं. कागदावर ते पूर्णही असतं. गडबड होते ती सुट्टी सगळ्यांना एकाच वेळी दिल्यामुळे. तीन लाइनच्या चहाच्या वेळा दहा-दहा मिनिटांनी पुढे-मागे केल्या तर एकही वीट न रचता रांग एक तृतीयांशावर येते. एचआरने फक्त एवढं करून पाहावं: एका शिफ्टला घड्याळ घेऊन सगळ्यात लांबच्या स्टेशनपासून चालत जावं, रांगेत उभं राहावं, परत यावं. जी मिनिटं भरतील ती खरी सुट्टी.

आत काय हवं? प्रत्येक संडासात नळ किंवा जेट. बाहेरच्या सामाईक बेसिनवर डागाचा कपडा कुणी धुणार नाही. दाराला खांद्याच्या उंचीवर एक मजबूत हुक आणि वीतभर रुंदीची फळी, कारण एका हातात ओढणी, दुसऱ्या हातात पॅड आणि खाली ओली फरशी असते. झाकणाचा, पायाने उघडणारा डबा आणि त्याच्याजवळ जुन्या वर्तमानपत्राचे तुकडे किंवा कागदी पिशव्या. डबा शिफ्टमधून दोनदा रिकामा व्हायला हवा. एकदाच केला की दुपारनंतर तो वाहतो आणि मग पॅड फ्लशमध्ये जातात, ड्रेनेजची लाइन तुंबते, एक संडास आठवडाभर बंद. पॅड जाळायचं मशीन बसवलं असेल तर ते संडासाच्या खोलीत नको, बाहेर हवेशीर जागी हवं. आत बसवलं की धूर आणि उष्णता दोन्ही तिथेच कोंडतात, आणि वाफा येणाऱ्या बाईला ते नकोसं होतं.

पॅडच्या व्हेंडिंग मशीनबद्दल एक तक्रार. त्यात बहुतेक वेळा एकच छोटं माप भरलेलं असतं, तेही पाच-दहाच्या नाण्यावर. शॉप फ्लोअरवर खिशात नाणं नेता येत नाही, आणि जास्त रक्तस्रावाला ते माप फार वेळ पुरत नाही. त्यापेक्षा बेसिनच्या बाजूला उघड्या ट्रेमध्ये दोन मापांचे पॅड ठेवा, त्यातलं एक ३२० मिलिमीटरचं तरी असू दे. ‘बायका घरी घेऊन जातील’ ही भीती पहिल्या पंधरा दिवसांपुरती खरी असते. नंतर खप स्थिरावतो.

आणि ते टॉयलेट रजिस्टर. बाहेर जाताना नाव, वेळ, सही. आत येताना परत वेळ, सही. ते काढून टाका. ज्या कारखान्यात हे रजिस्टर आहे तिथे बायका पाणी कमी पितात. पाणी कमी प्यायलं की लघवीला जळजळ होते. त्यात या वयात इस्ट्रोजेन कमी झाल्याने मूत्रमार्गाची त्वचा पातळ झालेली असते, संसर्ग लवकर होतो, घाईची लघवी लागते, खोकलं-शिंकलं तरी थेंब जातो. म्हणजे वेळ वाचवायला ठेवलेलं रजिस्टर उलट सुट्ट्याच वाढवतं.

पाण्याची बाटली स्टेशनजवळ ठेवता येत असेल तर झाकणाची अर्ध्या लिटरची ठेवू द्या. इलेक्ट्रॉनिक्स, फार्मा, खाद्यपदार्थ, जिथे बाटली चालत नाही तिथे लाइनच्या टोकाला, दाराबाहेर कूलर हवा, कॅन्टीनमध्ये नव्हे.

युनिफॉर्म हा सगळ्यात दुर्लक्षित विषय. खरेदी विभाग पॉलिएस्टर जास्त असलेला कपडा घेतो, कारण तो चुरगळत नाही, आटत नाही, रंग टिकतो. पण त्यात घाम जिरत नाही, अंगाला चिकटतो, वाफ गेल्यावर तोच ओला कपडा पंख्याखाली गार लागतो. सुती किंवा सुताचं प्रमाण जास्त असलेला कपडा मागवा, मात्र पुरवठादाराकडून आधी धुवून आटवलेला घ्या, नाहीतर दोन धुण्यांत बाह्या वर जातात आणि बायका परत जुनाच कोट घालतात. बंद गळ्याच्या, डोक्यातून घालायच्या टी-शर्टऐवजी पुढून बटणाचा शर्ट. पँट किंवा सलवार गडद रंगाची. परिचारिकांना पांढरी पँट देणाऱ्या रुग्णालयांनी तर यावर आजच विचार करावा. वर्षाला दोनऐवजी तीन जोड आणि लॉकर रूममध्ये सगळ्या मापांचे पाच-सहा जादा जोड, जे कुणाची सही न घेता घालून जाता येतील. हाउसकीपिंगच्या मावशींना सिंथेटिक साडी आणि वरून जाड कोट देतात; तिथे सुती सलवार-कुर्त्याचा पर्याय ठेवला की बहुतेक जणी तोच घेतात.

मशीनपुढे उभं असताना

वाफ आली आणि समोर पॉवर प्रेस किंवा ओव्हरलॉक मशीन असेल तर प्रश्न सोयीचा नाही, बोटांचा आहे. तळहात घामाने ओले होतात, हातमोज्यात पार्ट निसटतो, गॉगलवर वाफ धरते. ट्रेनिंगमध्ये सगळ्यांनाच, पुरुषांनाही, एक साधा क्रम शिकवा: हातातला पार्ट खाली, पेडलवरून पाय बाजूला, हात मशीनबाहेर, सिलेक्टर बंद, मग एक पाऊल मागे आणि दिव्याचं बटण. अँडॉनचा, म्हणजे मदत हवी असं सांगणारा, पिवळा दिवा लागला की रिलीव्हर, म्हणजे तेवढा वेळ जागा सांभाळणारी बदली, येतो. ‘का’ हा प्रश्न नाही. चक्कर, पोटदुखी, घाम, घरून आलेला फोन, कारण काहीही असो.

रिलीव्हरचं प्रमाण वीस ऑपरेटरमागे एक धरावं असं मी म्हणेन, आणि तो खरा मोकळा हवा. गडबड इथेच होते. रिलीव्हर म्हणून नेमलेल्या मुलीला सकाळी सातलाच गैरहजर ऑपरेटरच्या जागी बसवतात आणि दिवसभर दिवा लागला तरी कुणी येत नाही. महिनाभरात बायका दिवा लावणं सोडतात. मग मॅनेजर म्हणतो, बघा, गरजच नव्हती.

गॉगल अँटी-फॉगचा घ्या. हातमोजे आतून सुती अस्तराचे. उभ्या कामाला उंच स्टूल किंवा टेकायची पट्टी द्या. उभ्याने काम करणाऱ्याला संधी मिळेल तेव्हा बसता यावं ही तरतूद कारखाने कायद्यात १९४८पासून होती. या वयात खांदा आखडतो, सकाळी बोटांचे सांधे धरतात, म्हणून खांद्याच्या वर हात नेऊन करायचं काम आणि सतत पिळायचं-दाबायचं काम दोन-दोन तासांनी बदलतं ठेवा.

पंखा द्यायचा तर तो तिच्या हाताशी चालू-बंद होणारा हवा. वरचा मोठा पंखा वाढवला की शेजारच्या दोघी थंडीने तक्रार करतात आणि नकळत सगळ्यांना कळतं तो कुणासाठी वाढवला. वेल्डिंगजवळ पंखा थेट ठिणगीवर नको, आर्गॉन वा सीओटू वेल्डिंगमध्ये वाऱ्याने गॅसचं आवरण उडतं आणि जोडात छिद्रं पडतात. तिथे पंखा पाठीमागून, कमरेच्या उंचीवर.

फार्माची क्लीन रूम, म्हणजे धूळ-जंतू येऊ न देणारी बंद खोली, हा सगळ्यात अवघड प्रकार. डोक्यापासून पायापर्यंत सिंथेटिक कव्हरऑल, हूड, मास्क, दोन-दोन हातमोजे. पंखा चालत नाही, चेन उघडता येत नाही, बाहेर आलं की परत सगळं नव्याने चढवायचं. तिथे उपाय वेळेचा आहे. एका सत्राची लांबी चार तासांवरून दोनवर आणा आणि उरलेला वेळ सेकंडरी पॅकिंग किंवा कागदपत्रांचं काम द्या. आतून घालायचे कपडे पातळ, सुटसुटीत आणि क्वालिटीने मंजूर केलेलेच हवेत. साधं घरचं सुती बनियन तंतू सोडतं, ऑडिटमध्ये अडकतं. ज्यांचं काम मुळातच आगीपुढचं आहे, म्हणजे कॅन्टीनच्या भट्टीवर, काजू भाजण्या-वाफवण्याच्या जागी, त्यांच्यासाठीही हेच: फेरपालट दोन तासांची आणि तास मोजणारी व्यक्ती ती स्वतः नव्हे.

ऑफिसचं थोडक्यात. एसीच्या तापमानावरून सगळ्या मजल्याला भांडत बसू नका. खिडकीजवळच्या, दाराजवळच्या आणि एसीच्या झोतातल्या जागा कोणत्या हे नकाशावर दाखवा आणि जागा बदलायचा फॉर्म कारणाच्या रकान्याशिवाय ठेवा. विसरभोळेपणा, ऐनवेळी शब्द न आठवणं हेही या वर्षांत होतं. तोंडी सूचनांऐवजी लेखी, मीटिंगनंतर तीन ओळींचा मेसेज, तपासणीच्या कामाला क्रमाचं कार्ड. याचा फायदा पंचविशीतल्यालाही होतो, म्हणून कुणी नाकं मुरडत नाही.

शिफ्ट आणि हजेरी

रात्री दोनदा घामाने जाग येणारी बाई आठवड्यातून शिफ्ट बदलणारी असेल तर तिची झोप दोन्हीकडून मोडते. शिफ्टचा क्रम पुढे सरकणारा ठेवा, पहिली, दुसरी, तिसरी. उलटा क्रम शरीराला जड जातो. दोन शिफ्टमध्ये ११ तासांपेक्षा कमी अंतर नको. दुसरी संपवून रात्री बाराला घरी पोचायचं आणि सकाळी सातला पहिलीला यायचं, हे बंद करा. वेळापत्रक निदान दोन आठवडे आधी लावा. महिलांना रात्रपाळीला लावायचं तर संमती लागते, पण ती बऱ्याच ठिकाणी भरतीच्या दिवशीच एका कागदावर घेऊन फाइलला लावलेली असते. दर सहा महिन्यांनी ती नव्याने विचारा, तिसऱ्या शिफ्टमधून तीन महिने सूट मागायची सोय त्याच कागदावर ठेवा.

आता पैशाची गोष्ट, कारण खरी अडचण तिथेच आहे. तिसरी शिफ्ट सोडली की रात्रभत्ता जातो. एक दिवस रजा पडली की महिन्याचा हजेरी बोनस जातो. मुलाच्या इंजिनिअरिंगचा हप्ता चालू असलेली बाई ही सूट कधीच घेणार नाही, मग धोरण कितीही चांगलं असो. हजेरी बोनसमध्ये महिन्याला चार तासांपर्यंतची उशिरा येण्याची किंवा लवकर जाण्याची मुभा मोजू नका, आणि अर्ध्या दिवसाची रजा पाव-पाव दिवसात घेता येऊ द्या. जास्त रक्तस्रावाच्या दिवशी बाईला पूर्ण दिवस नकोच असतो बऱ्याचदा, सकाळचे दोन तास हवे असतात.

रजा कळवायची जागाही बघा. बहुतेक लाइनचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप असतो, तीस जणांचा, आणि रजा तिथेच टाकायचा दंडक असतो. बाई लिहिते, ‘आज येत नाही, तब्येत बरी नाही.’ त्यावर सुपरवायझर सगळ्यांसमोर विचारतो, ‘काय झालं?’ हा प्रश्न बंद करा. रजेचा मेसेज एका व्यक्तीला, एका नंबरवर, आणि मस्टरला फक्त ‘आरोग्य’.

सुपरवायझर बहुतेक तिशीच्या आतला मुलगा असतो. त्याला रजोनिवृत्तीचं शास्त्र शिकवण्यापेक्षा दोन-तीन वाक्यं तोंडात बसवा, पाऊण तास पुरे, आणि ती मोठ्याने म्हणवून घ्या. ‘ताई, गेले काही दिवस दमल्यासारख्या वाटताय. कामात काही बदल केला तर बरं पडेल का? कारण सांगायची गरज नाही.’ आणि ऐकून घेतल्यावर: ‘हे मी उद्यापासून करतो. दोन आठवड्यांनी बघू, जमतंय का.’ एवढंच. ‘पाळीचं काही आहे का?’ हे विचारायचं नाही. ‘माझ्या आईला अश्वगंधाने फरक पडला’ हेही नाही. (‘काकू’ म्हणायचं नाही, हे वेगळं सांगावं लागतं. घरी चालतं, लाइनवर नको.) ‘काय मॅडम, गरमी चढली का?’ अशा थट्टेला हसून सोडायचं नाही; लैंगिक अर्थाची शेरेबाजी कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्याखाली येते आणि अंतर्गत समितीकडे तिची तक्रार होऊ शकते.

लिहून ठेवायचं ते बदलाचं, कारणाचं नाही. ‘मशीन ७ऐवजी मशीन ११, आठ आठवडे, आढावा अमुक तारखेला.’ डॉक्टरचा कागद ओएचसीत (कारखान्याच्या दवाखान्यात) राहील, एचआरला फक्त ‘कामास योग्य’ किंवा ‘या मर्यादेसह योग्य’ एवढाच शेरा. आणि ते ‘निनावी’ सर्वेक्षण, ज्यात वय आणि विभाग विचारलेला असतो: डिस्पॅचला पंचेचाळिशीच्या वर दोनच बायका असतील तर त्यात निनावी काय उरलं?

ओएचसीने काय बघावं

नव्या कामगार संहितांत ४० वर्षांवरील कामगारांची वर्षाला एक मोफत तपासणी आली आहे. ही संधी फुकट घालवू नका. रक्तदाब आणि साखर होतेच, त्यात हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि टीएसएच (थायरॉइडची तपासणी) घाला. थायरॉइड बिघडला तरी घाम, धडधड, थकवा, पाळीची गडबड हे सगळं होतं आणि दोन्ही गोष्टी एकाच वयात येतात. हिमोग्लोबिन १२च्या खाली असेल तर लोहाच्या गोळ्या देऊन सोडू नका, रक्त जातंय कुठून ते बघा. पंचेचाळिशी ओलांडलेल्या बाईत लक्षणं ठसठशीत असतील तर एफएसएच या हार्मोनची तपासणी सहसा लागत नाही. या काळात ते दर आठवड्याला बदलतं आणि खर्च मात्र होतो.

‘पाळी जायची असेल’ म्हणून सोडून देऊ नयेत अशा गोष्टी ओएचसीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत हव्यात. तासाला एक पॅड भिजतोय आणि असं दोन तासांपेक्षा जास्त चाललंय, तर त्याच शिफ्टमध्ये रुग्णालय. पाळी बंद होऊन वर्ष झाल्यावर एक डाग जरी दिसला तरी स्त्रीरोगतज्ज्ञ. गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग वगळावा लागतो. घामाबरोबर छातीत दडपण, जबडा-पाठ-हात दुखणं, धाप लागणं असेल तर आधी ईसीजी, कारण बायकांचा हार्ट अटॅक पुष्कळदा असाच ‘घाम आणि अस्वस्थपणा’ म्हणून येतो आणि पाळी गेल्यावर ती जोखीम वाढते. आणि रात्रीचा घाम, पण सोबत दोन आठवड्यांवरचा खोकला, बारीक ताप, वजन उतरणं असेल तर थुंकी तपासा. परदेशी माहितीपत्रकांत क्षयरोग नसतो, आपल्या यादीत तो असायलाच हवा.

उपचार ठरवणं कंपनीचं काम नाही, पण योग्य माणसाकडे पाठवणं आहे. वाफांवर सगळ्यात परिणामकारक उपचार हार्मोनचा. तो साधारणपणे साठीच्या आत किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत सुरू करतात, गर्भाशय असेल तर सोबत प्रोजेस्टेरॉन लागतं, आणि स्तनाचा कर्करोग किंवा रक्ताच्या गाठीचा इतिहास असेल तर सहसा देत नाहीत. २००२ साली हार्मोन उपचारावरच्या अमेरिकेतल्या डब्ल्यूएचआय चाचणीच्या बातम्यांनी डॉक्टर आणि पेशंट दोघंही घाबरले ते अजून घाबरलेलेच आहेत. त्या चाचणीतल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं, हे मागे राहिलं. हार्मोन नको असतील किंवा चालत नसतील तर इतरही औषधं आहेत.

आपल्याकडे मात्र चाळिशीच्या बाईला जास्त रक्त जातंय म्हटलं की पहिला सल्ला येतो: पिशवी, म्हणजे गर्भाशय, काढून टाका. कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम नकळत त्यालाच हातभार लावतो. भरती झालं की ऑपरेशनचे पैसे मिळतात. पण ओपीडीतला सल्ला, सोनोग्राफी, गोळ्या, गर्भाशयात बसवायची हार्मोनची कॉपर-टीसारखी वस्तू, हे सगळं खिशातून. महिन्याला जेमतेम घर चालवणारी बाई काय निवडणार? नूतनीकरणाच्या वेळी ब्रोकरकडून ओपीडीचा रायडर (विम्यातली जोड-सोय) मागा, त्यात स्त्रीरोगतज्ज्ञांच्या भेटी आणि तपासण्या नावाने लिहून घ्या. ईएसआय या कामगार विमा योजनेच्या कक्षेतल्या बायकांना पाठवताना चिठ्ठीवर ‘रक्तस्राव, हिमोग्लोबिन इतकं’ असं स्पष्ट लिहा. ईएसआयमध्ये आजारपणाचा लाभ वेतनाच्या ७० टक्के आणि वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळतो, हे पुष्कळ बायकांना कुणी सांगितलेलंच नसतं.

हजेरीचा आणि पिशवीचा संबंध किती टोकाला जातो ते बीडने दाखवलं. ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून आधीच घेतलेली उचल, आणि एक दिवस पडला तर खाडा, त्याचा दंड. फडात ना संडास, ना पाणी. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे आलेल्या पाहणीत बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. ऑपरेशनमध्ये अंडाशयही गेलेली असतील तर तिशी-पस्तिशीतच वाफा, हाडं ठिसूळ होणं, हृदयाची जोखीम, आणि काम तेच, मोळी डोक्यावर घेऊन ट्रकवर चढायचं. खाड्याचा दंड आणि कारखान्यातला हजेरी बोनस यांत फरक प्रमाणाचा आहे, प्रकाराचा नाही.

कारखान्याबाहेरही हाच प्रश्न आहे. शाळांमध्ये सलग तीन तास घेऊन मग मोकळा तास, असं वेळापत्रक असतं. वर्ग सोडून जाता येत नाही, म्हणून दोन तासांनंतर मोकळा तास द्या, कुणासाठी ते न सांगता सगळ्यांनाच. एसटीच्या महिला कंडक्टरला लांबच्या गाडीवर मधल्या थांब्यावर स्वच्छ टॉयलेट मिळेलच असं नाही. ड्युटी लावताना थांबे बघून लावा. बंदोबस्तावरच्या महिला पोलिसांचं तर सगळं फिरतं शौचालय कुठे उभं केलंय यावर ठरतं.

शेवटी कंत्राटी कामगार. पॅकिंग, हाउसकीपिंग, कॅन्टीन, म्हणजे या वयाच्या बायका जिथे सगळ्यात जास्त, तिथे बहुतेक जणी कंपनीच्या पटावर नसतात. धोरण पटावरच्यांना, आणि टॉयलेट मात्र त्याच मावशी धुणार. संडास, पिण्याचं पाणी, धुण्याची जागा कंत्राटदाराने दिली नाही तर मूळ मालकाने द्यायची, हे १९७०च्या कंत्राटी कामगार कायद्यापासून चालत आलेलं आहे. पण रिलीव्हर, तिसरा युनिफॉर्म, दोन तासांची सूट यांचं तिथे काहीच लिहिलेलं नसतं, आणि सूट मागणाऱ्या बाईला कंत्राटदार दुसऱ्या दिवशी ‘गेटवर थांबा’ म्हणतो. म्हणून हे करारातच घाला: रिलीव्हरचा आणि कपड्याचा खर्च दरपत्रकात वेगळ्या ओळीत, बाई बदलायची असेल तर कारण लेखी, आणि आरोग्याच्या कारणाने गेलेले तास बिलातून कापायचे नाहीत. ही शेवटची ओळ राहिली तर कंत्राटदार ते पैसे तिच्याच पगारातून काढतो.